फौजी इस्पितळातून निघालेले एक शास्त्र

पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या पश्चिम भागात, पिट्सबर्ग शहराच्या उत्तरेस, बटलर नावाचे एक गाव आहे. पोलादाचे आणि आगगाडीच्या डब्यांचे कारखाने ही त्याची जुनी ख्याती; १९४० साली तेथील एका डबघाईस आलेल्या मोटार-कंपनीने अमेरिकन फौजेसाठी पहिली जीपगाडी बांधली, ही दुसरी. परंतु ज्या तिसऱ्या गोष्टीमुळे या गावाचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहावे, तिचा बोलबाला कधीच झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात तेथील डेशॉन जनरल हॉस्पिटल या लष्करी इस्पितळात रणांगणावर श्रवणशक्ती गमावलेल्या शिपायांसाठी एक केंद्र उघडण्यात आले, आणि कानाचे शल्यवैद्य, विद्युत्-ध्वनीचे जाणकार, ओठांवरून बोलणे ओळखायला शिकवणारे शिक्षक आणि वाणीदोष सुधारणारे अध्यापक, असे तोवर एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहणारे लोक एका छपराखाली कामाला जुंपले गेले. आज आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळांत ‘ऑडिओलॉजी विभाग’ अशी पाटी दिसते, त्या शास्त्राचा पाया या आणि अशाच आणखी दोनतीन लष्करी केंद्रांत घातला गेला.

डेशॉनच्या श्रवणविभागाचे प्रमुख होते कॅप्टन रेमंड कारहार्ट. त्यांचा जन्म १९१२ सालचा, मेक्सिको शहरातला. शिक्षण आधी डकोटा वेस्लियन विद्यापीठात आणि पुढे शिकागोलगतच्या एव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झाले, तेही वैद्यकाचे नव्हे, तर वाणी आणि मानसशास्त्र या विषयांचे. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच विद्यापीठात सी. सी. बंच नावाचे एक ज्येष्ठ संशोधक होते, ज्यांनी श्रवणमापनाच्या यंत्रांवर पाव शतकाच्या आसपास काम केले होते आणि ज्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९४३ साली प्रसिद्ध झाला. १९४२ साली बंच वारले, आणि त्यांचे वर्ग चालवण्याची जबाबदारी तरुण कारहार्टांवर येऊन पडली. दोन वर्षांनी फौजेला कानाची परीक्षा जाणणारा माणूस हवा होता, तेव्हा कॅप्टनचा हुद्दा देऊन त्यांना बटलरला तैनात करण्यात आले. शस्त्रक्रिया त्यांच्या हाती नव्हती, औषध लिहून देण्याचा अधिकारही नव्हता. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या कानाचे काय झाले, यापेक्षा त्या माणसाच्या ऐकण्याचे आणि बोलण्याचे काय करायचे, हाच प्रश्न त्यांच्या वाट्याला आला. पुढल्या सगळ्या इतिहासाला यामुळे जे वळण लागले, ते एखादा नामांकित शल्यवैद्य त्या खुर्चीवर बसता तर लागले असते असे मला वाटत नाही.

त्या आधीच्या दीडशे वर्षांकडे पाहिले म्हणजे बहिरेपणाचे दोन इतिहास समांतर चाललेले दिसतात, आणि त्यांची गाठ क्वचितच पडते. पहिला इतिहास जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या शाळांचा. पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयातील वैद्य इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मुलांच्या कानांशी घंटा आणि नगारे वाजवून, उरल्यासुरल्या श्रवणशक्तीला शिक्षण देता येते की काय याची परीक्षा पाहिली. त्याच शतकाच्या अखेरीस व्हिएन्नामध्ये उर्बान्चिच यांनी त्या कल्पनेला पद्धतीचे रूप दिले. आणि त्यांच्यापाशी शिकलेल्या मॅक्स गोल्डस्टाइन यांनी ती अमेरिकेत नेऊन १९१४ साली सेंट लुई येथे आपली संस्था काढली. आपल्याकडे मुंबईत बिशप मायरिन यांच्या पुढाकाराने १८८० नंतरच्या दशकात मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, ती भारतातील अशा प्रकारची पहिली. या परंपरेला शिक्षक होते, ग्रंथ होते आणि हातांच्या खुणा की ओठांचे बोल यावरचे कडाक्याचे वादही होते.

दुसरा इतिहास मोठेपणी बहिऱ्या झालेल्यांचा, आणि तो जवळजवळ कोराच आहे. ग्लासगोचे वैद्य टॉमस बार यांनी १८८६ साली शंभर बॉयलर-कारागिरांचे कान तपासून असा निष्कर्ष काढला की ज्याचे ऐकणे निर्दोष म्हणावे असा माणूस त्यांत एकही नाही. लोखंडी बॉयलरच्या पोटात बसून बाहेरून ठोकल्या जाणाऱ्या रिव्हेटांना आतून टेकू देण्याचे काम करणाऱ्याचे दुसरे काय होणार! पण निष्कर्ष निघाला तरी उपाय निघाला नाही. बहिरेपण हा त्या धंद्याचा भाग समजला गेला, जसा तो आपल्या गिरणगावातही समजला गेला. साचेखात्यात तीसपस्तीस वर्षे काढलेला माणूस घरात ओरडून बोलतो, हाक मारली तर वळून पाहत नाही, आणि चाळीतल्या भजनाला मागे बसून नुसती मान हलवतो, याची नोंद कुठल्या दप्तरात व्हावी, असे कोणाला सुचले नव्हते. अशा माणसाला फार तर ओठ वाचायला शिकवण्याची सोय पाश्चात्त्य शहरांतून असे. न्यू यॉर्कमध्ये एडवर्ड निची या स्वतःच श्रवणशक्ती गमावलेल्या गृहस्थाने १९०३ साली असा वर्ग काढला होता. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजेने न्यू जर्सीतील केप मे येथे बहिऱ्या शिपायांसाठी जे इस्पितळ चालवले, त्याचा मुख्य भरही ओष्ठवाचनावरच होता. तेव्हा दुसरे साधनच हाताशी नव्हते.

मोजण्याच्या साधनांचीही तीच कथा. खिशातले घड्याळ कानापाशी धरायचे आणि हळूहळू दूर न्यायचे. खोलीच्या एका टोकाला उभे राहून कुजबुजायचे. नादकाटा गुडघ्यावर आपटून आधी कानासमोर व मग कानामागच्या हाडावर टेकवायचा. नादकाट्याने दोष मधल्या कानात आहे की आतल्या, एवढे कळे. दोष किती, हे सांगायला वैद्याच्या अनुभवावाचून दुसरे प्रमाण नव्हते. १९२२ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने बाजारात पहिले श्रवणमापक यंत्र आणले. वैद्य फाउलर आणि टेलिफोन-कंपनीतील शास्त्रज्ञ वेगेल व फ्लेचर यांच्या खटपटीतून ते निघाले होते, आणि त्यामुळे निरनिराळ्या पट्टीतले शुद्ध स्वर हवे तितके मंद करून कानात सोडणे व कोणत्या पट्टीत किती डेसिबलची तूट आहे याचा आलेख कागदावर उतरवणे शक्य झाले. तक्ता तयार झाला. मात्र बहिऱ्या माणसाची जी खरी तक्रार, की ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’, तिच्याविषयी हा तक्ता मुकाच होता.

ही तक्रार नीट समजून घेतल्याशिवाय डेशॉनमध्ये काय घडले ते कळणार नाही. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि ठसठशीत असतात. स, श, च, ट, क ही व्यंजने उंच पट्टीतली आणि नाजूक. तोफेच्या वा विमानाच्या इंजिनाच्या आवाजाने कानातील कर्णावर्ताच्या ज्या केसपेशी प्रथम मरतात, त्या नेमक्या उंच पट्टीच्या असतात, आणि एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. असा माणूस ‘पाट’, ‘पाच’, ‘पास’ आणि ‘पाक’ या चारही शब्दांत फक्त ‘पा’ ऐकतो आणि बाकीचे अंदाजाने भरून काढतो. अंदाज चुकला की लोक हसतात, म्हणून तो हळूहळू बोलणेच टाळू लागतो. शुद्ध स्वरांच्या परीक्षेत त्याच्या तुटीचा आकडा कित्येकदा इतका किरकोळ दिसतो की वैद्य म्हणतो, तुम्हांला काही झालेले नाही.

शब्दांनी परीक्षा घेण्याची युक्ती आली ती वैद्यकातून नाही. टेलिफोनच्या तारेवरून किती शब्द स्पष्ट पोहोचतात हे मोजण्यासाठी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत शब्दांच्या आणि निरर्थक अक्षरांच्या याद्या केल्या होत्या. युद्ध सुरू झाल्यावर हार्वर्ड विद्यापीठात एस. एस. स्टीव्हन्स यांच्या देखरेखीखाली जी मनोध्वनिशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, तिच्यापुढे बाँबफेकी विमानाच्या घोंगाटात वैमानिकाला हुकूम कसा ऐकू जाईल हा प्रश्न होता, आणि त्यासाठी तिने या याद्या अधिक काटेकोर बनवल्या. एका प्रकारच्या यादीत दोन्ही अवयवांवर सारखा जोर असणारे ‘बेसबॉल’, ‘एअरप्लेन’ यांसारखे जोडशब्द. दुसरीत एकाक्षरी शब्द, ज्यांतील ध्वनींचे प्रमाण रोजच्या इंग्रजीतील प्रमाणाशी जुळते घेतलेले. पहिल्या यादीने ऐकण्याची पायरी कळे, दुसरीने समजण्याची टक्केवारी. निर्दोष कानाच्या माणसाला विमानात काय कळते हे पाहण्यासाठी केलेल्या या याद्या लष्करी इस्पितळांत सदोष कानाचे शांत खोलीतले आकलन मोजायला कामी आल्या, आणि श्रवणमापनाचा रोख स्वराकडून शब्दाकडे वळला.

अमेरिकन लष्कराची अशी तीन केंद्रे होती: बटलरचे डेशॉन, ओक्लाहोमातील चिकाशा येथील बॉर्डन आणि कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील हॉफ. आरमाराने आपले स्वतंत्र केंद्र फिलाडेल्फियात काढले होते. या केंद्रांत दाखल झालेला शिपाई परीक्षा होऊन, यंत्र घेऊन लगेच घरी जात नसे, हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य. सुमारे दोन महिने त्याला तेथे राहावे लागे, आणि तेही बिछान्यावर पडून नव्हे. आधी वैद्याकडून कानाची तपासणी, मग स्वरांची आणि शब्दांची परीक्षा, ती एकदा नव्हे तर अनेकदा. नंतर कानाचा साचा घेऊन त्याबरहुकूम बोंडी तयार करणे. आणि मग वर्ग. एका वर्गात ओष्ठवाचन. दुसऱ्यात श्रवणाचे शिक्षण, म्हणजे यंत्र लावल्यावर जो नवाच, पत्र्यासारखा, खरखरीत आवाज येतो त्यातून ओळखीची बोली पुन्हा वेगळी काढण्याचा सराव. आधी शांत खोलीत एका माणसाशी, मग चारचौघांत, मग मुद्दाम लावलेल्या गोंगाटात. तिसऱ्यात वाणीचे जतन, कारण स्वतःचा आवाज कानावर पडेनासा झाला की माणसाचे उच्चार हळूहळू झिजतात. तो फार मोठ्याने बोलू लागतो किंवा फार हलक्याने, आणि स-श सारखे वर्ण जिभेवरून निसटून जातात. हे सर्व करताना त्याच्याच सारखे आणखी अनेक शिपाई अवतीभवती असत, ही गोष्ट वर्गाइतकीच उपयोगी पडली असली पाहिजे. एकट्याने बहिरे होण्यातली शरम पलटणीत निम्मी होते.

यंत्राची निवड हा कारहार्टांच्या कामातला सर्वांत कष्टाचा भाग. त्या वेळची श्रवणयंत्रे निर्वात नळ्यांवर चालत. यंत्र छातीशी अडकवायचे, त्याच्या बॅटऱ्या बहुधा वेगळ्या पाकिटात बांधायच्या, आणि कानापर्यंत एक तार न्यायची. वजनही कमी नसे. दुकानदार तोवर ‘बोलून पाहा, कसे वाटते’ एवढ्यावर यंत्र विकत असे, आणि जो गोडबोल्या त्याचे यंत्र चांगले, असा व्यवहार होता. कारहार्टांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या निवडीसाठी चार कसोट्या मांडल्या. यंत्र लावल्याने किती मंद आवाज ऐकू येऊ लागतो. आवाज किती वाढला म्हणजे तो असह्य होतो. गोंगाटात बोलणे कितपत कळते. आणि ध्वनींतील बारीक फरक कितपत ओळखता येतो. एकाच शिपायाला एकामागून एक अनेक यंत्रे लावून या चारही कसोट्यांवर उतरवायचे आणि ज्याचा हिशेब सर्वांत चांगला जमेल ते त्याला द्यायचे. चौथीपेक्षा दुसरी कसोटी मला अधिक मार्मिक वाटते. सदोष कानाला मंद आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी त्यांच्याहून लवकर, टोचतो. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना आपण ‘जरा मोठ्याने’ बोलतो, आणि तो ‘ओरडू नकोस, मी काही बहिरा नाही’ म्हणून उसळतो, त्यात त्याचा स्वभाव थोडा आणि ही पेशींची करामत फार असते.

इस्पितळ फौजेचे असल्याने त्याला एक दुसरी बाजूही होती, आणि ती या शास्त्राच्या जन्मकथेत बहुधा ओझरती येते. बहिरेपणाला पेन्शन होती. शिपायाचा कान कितव्या हिश्श्याने गेला यावर नुकसानभरपाईचा आकडा ठरे, आणि म्हणून खोटे बहिरेपण हुडकणे हे श्रवणपरीक्षकाचे एक कामच होऊन बसले. यासाठी जुन्या काही युक्त्या होत्या. फ्रेंच वैद्य लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले होते की कानात गोंगाट भरला की निर्दोष कानाचा माणूस नकळत आवाज चढवून बोलू लागतो. ज्याला खरोखर ऐकू येत नाही त्याच्या आवाजात फरक पडत नाही. हार्वर्डच्या शब्दयाद्यांची त्यात भर पडली, कारण स्वरांच्या परीक्षेत जो बहिरेपणाचा आव आणतो तो शब्दांच्या परीक्षेत बहुधा वेगळा आकडा देतो, आणि दोहोंचा मेळ बसला नाही की परीक्षकाला संशय येतो. शासनाला जमाखर्च नीट ठेवायचा होता म्हणून मापन इतके काटेकोर झाले, हे सत्य थोडे रुक्ष वाटेल. पण ज्या काटेकोरपणाने लबाड शिपाई पकडला, त्यानेच ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे ऐकत आलेल्या खऱ्या बहिऱ्याची तक्रारही कागदावर शाबीत केली.

युद्ध संपल्यावर १९४६ साली कारहार्ट नॉर्थवेस्टर्नला परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. आपल्या नव्या शास्त्राला त्यांनी आणि कानाचे वैद्य नॉर्टन कॅनफील्ड यांनी १९४५ च्या सुमारास ‘ऑडिओलॉजी’ हे नाव रूढ केले, असे मानले जाते. विद्यापीठात त्यांना वाणीच्या आणि वैद्यकाच्या अशा दोन्ही विभागांत स्थान मिळाले, आणि पुढल्या पिढीतले कित्येक संशोधक त्यांच्या हाताखालून गेले. या काळातील त्यांचे जे संशोधन सर्वाधिक गाजले ते खरे पाहता कान-शल्यवैद्यांच्या उपयोगाचे. मधल्या कानातल्या हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांपैकी रिकीब कित्येकांच्या कानात हाडाच्या विकृत वाढीने जखडून जाते, आणि माणूस तरुणपणीच बहिरा होऊ लागतो. लेम्पर्ट या शल्यवैद्याने १९३८ पासून अशा कानात नवी खिडकी पाडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. पण शस्त्रक्रिया कोणावर करायची? आतला कान शाबूत असेल त्यावरच. आणि आतला कान शाबूत आहे की नाही हे पाहायचे तर कवटीच्या हाडावाटे स्वर देऊन. या हाडाच्या परीक्षेत अशा रोग्यांच्या आलेखात दोन हजार हर्ट्झपाशी हटकून एक खळगा दिसे, सुमारे पंधरा डेसिबलचा, आणि तो पाहून शल्यवैद्य कचरत की आतली नसही बिघडली असावी. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्यांत हा खळगा भरून येतो, असे कारहार्टांनी दाखवून दिले, आणि त्याची उपपत्तीही सांगितली. नस बिघडलेली नसते. जखडलेल्या रिकिबीमुळे कवटीचे कंपन आत पोहोचवण्याच्या यंत्रणेतच तेवढा उणेपणा येतो. तेव्हापासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘कारहार्टचा खळगा’ म्हणूनच ओळखला जातो, आणि बटलरच्या वर्गांचे नाव न ऐकलेला विद्यार्थीही परीक्षेत त्याचे उत्तर बिनचूक लिहितो.

त्यांचा दुसरा वारसा तर आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवलेला असेल. मुंबईपुण्याच्या कुठल्याही इस्पितळात श्रवणपरीक्षेसाठी गेले की आवाजबंद पेटीसारख्या एका लहान खोलीत बसवतात, कानांवर चकत्या चढवतात, हातात एक बटण देतात आणि सांगतात, ‘आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी.’ काचेपलीकडे बसलेली मुलगी काय करत असते? ऐकू आले की स्वर दहा डेसिबलने खाली आणते. ऐकू आले नाही की पाच-पाचने वर चढवते. आणि चढताना ज्या पायरीवर निदान निम्म्या वेळा बटण दाबले जाते, ती पायरी कागदावर टिंबाने मांडते. १९५९ साली कारहार्ट आणि त्यांचे शिष्य जेम्स जर्जर यांनी ही रीत पक्की करून दिली. तीत चतुराई काहीच नाही, आणि तेच तिचे सामर्थ्य: परीक्षक कोणीही असो, गाव कोणतेही असो, आकडा तोच येतो.

यंत्रनिवडीच्या पद्धतीला मात्र असे चिरस्थायित्व लाभले नाही. १९४७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी असा अहवाल दिला की सदोष कानाच्या बहुसंख्य लोकांना एकाच प्रकारचे, सर्व पट्ट्या सारख्या किंवा उंच पट्ट्या किंचित चढवून देणारे यंत्र उत्तम चालते. मग प्रत्येकासाठी निवडीचा एवढा खटाटोप कशाला? त्याच सुमारास ब्रिटिश संशोधकांनीही असेच मत दिले, आणि तेथील सरकारने १९४८ पासून आपल्या आरोग्यसेवेतून एकाच नमुन्याचे ‘मेड्रेस्को’ यंत्र सर्वांना मोफत वाटायला आरंभ केला. कारहार्टांचा पक्ष असा की माणूस सरासरी नसतो. तो पक्ष हिरिरीने मांडला गेला, पण १९६० साली सेंट लुईच्या तीन संशोधकांनी त्याच्या मर्मावरच बोट ठेवले: एकाच माणसावर तीच ती यंत्रे वेगवेगळ्या दिवशी तपासली तर शब्दपरीक्षेचे आकडे इतके हलतात की त्यांवरून हे यंत्र सरस आणि ते निकृष्ट असे ठामपणे म्हणता येत नाही. हा आक्षेप खरा होता. पण मला या वादात एक गोष्ट खटकते, ती अशी की दोन्ही बाजू यंत्रावरच भांडत राहिल्या. डेशॉनच्या शिपायाला जे साधले ते चार कसोट्यांनी निवडलेल्या यंत्राने किती आणि दोन महिन्यांच्या वर्गांनी किती, याचा हिशेब करण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. हॅलोवेल डेव्हिस यांनी १९४७ साली सामान्य वाचकांसाठी संपादित केलेल्या ग्रंथात कारहार्टांनी श्रवणाच्या शिक्षणावर आणि वाणीच्या जतनावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. पुढल्या काळात त्यांच्या खळग्याचा जितका उल्लेख होतो तितका या प्रकरणांचा होत नाही.

बाहेरच्या जगातही हेच घडत होते. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बसवलेले पहिले श्रवणयंत्र विक्रीला आले. यंत्र लहान झाले, छातीवरून कानामागे गेले, बॅटरी नखाएवढी झाली, आणि लपवता येणे हाच त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणून जाहिरातींत मिरवू लागला. नव्या शास्त्राच्या व्यावसायिकांना त्यांच्या अमेरिकन संघटनेने नफ्यासाठी यंत्र विकण्याची मनाई केली होती, आणि ही मनाई १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला की परीक्षा एकीकडे, विक्री दुसरीकडे, आणि विक्रीनंतरचे शिक्षण कोणाकडेच नाही. शिपायाला दोन महिने इस्पितळात ठेवणे सरकारला शक्य होते, कारण शिपाई हुकुमाचा ताबेदार होता आणि खर्च सरकारचा होता. तिकीट काढून आलेल्या पेन्शनर कारकुनाला दोन महिने वर्गात कोण बसवणार?

आपल्याकडे हे शास्त्र आले ते या अवस्थेत. १९६५ साली म्हैसूरला वाणी आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६६ साली मुंबईत नायर इस्पितळाशी संलग्न टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यासक्रम सुरू झाला. आणि १९८३ साली वांद्र्यास, महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच निधन पावलेल्या अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था उभी राहिली. येथील लोकांनी परकीय याद्या टाकून आपल्या भाषांतल्या शब्दांच्या याद्या बनवल्या, कारण ‘बेसबॉल’ ऐकू आला की नाही यावरून साताऱ्याच्या शेतकऱ्याचे काही कळण्यासारखे नव्हते. सरकारी शिबिरांतून श्रवणयंत्रे वाटली जाऊ लागली आणि लाभार्थींचे आकडे दरवर्षी दाखल होऊ लागले. २०१६ च्या अपंगहक्कांच्या कायद्याने दोन्ही कानांत सत्तर डेसिबलची तूट असेल तो बधिर आणि साठ ते सत्तर असेल तो ऐकण्यास जड, अशी व्याख्या केली. दाखला हवा, आणि दाखल्याला आकडा हवा, ही बटलरच्या पेन्शन-दप्तराचीच निकड आहे, आणि ती गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण साठाला दोनचार डेसिबल कमी भरलेला आणि शब्द मात्र निम्मेच कळणारा माणूस या व्याख्येत बसत नाही.

शिक्षणाचा भाग आपल्याकडे परत आला तो वेगळ्याच वाटेने. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाच्या कर्णावर्तात विजेचा तंतू बसवण्याची शस्त्रक्रिया आता सरकारी साहाय्याने होते, आणि त्या योजनेत शस्त्रक्रियेनंतरचे श्रवण-वाणीचे प्रशिक्षणही धरलेले असते, कारण लाखोंच्या घरातले ते यंत्र शिकवणीवाचून फुकट जाते हे सर्वांना उघड दिसते. आई मुलाच्या शेजारी बसते, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरते, आणि ‘दे’, ‘ये’, ‘घे’ असे एकेक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते. मूल चुकते, ती परत म्हणते. म्हणजे इतारच्या नगाऱ्यापासून निघालेला पहिला इतिहास आणि बटलरच्या वर्गांचा दुसरा, हे दोन्ही या खोलीत एकदाचे भेटले आहेत. त्याच मुलाचे आजोबा मात्र कानामागचे यंत्र घेऊन दुकानातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना बॅटरी कशी बदलायची आणि आवाज कसा कमी करायचा एवढे सांगितलेले असते, आणि पुन्हा यायची तारीख बहुधा यंत्राच्या दुरुस्तीसाठी दिलेली असते.